हुकूम निघाला, पुढे काय?

२ सप्टेंबर २०२५ रोजी, मुंबईच्या आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण चालू असताना, राज्य सरकारने एक शासन निर्णय (जीआर) काढला. मराठवाड्यातल्या मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्र देताना निझामकाळच्या हैदराबाद गॅझेटियरमधल्या नोंदींचा आधार कसा घ्यायचा, याची कार्यपद्धती त्यात होती. जरांगे मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे, त्यामुळे जिल्ह्यात पारापासून वकिलांच्या टेबलापर्यंत तोच विषय होता. जीआर काढायचा अधिकार सरकारला आहे का, तो कोर्टात टिकेल का, आणि टिकला तरी गावातला तलाठी त्याप्रमाणे दाखला देईल का, असे लोक विचारत होते. कोणत्याही हुकुमाला विचारावेत असे हे तीन प्रश्न आहेत.

रोमन लोकांकडे या सगळ्यासाठी ‘डिक्रेटम’ हे एकच नाव होते. सम्राटाने स्वतः खटला ऐकून दिलेला निवाडा म्हणजे डिक्रेटम, पुढे चर्चने दिलेली आज्ञा म्हणजेही डिक्रेटम, आणि तत्त्वज्ञ ज्या पक्क्या सिद्धांतावर उभा राहतो त्यालाही तेच नाव. कायदा, धर्म आणि तत्त्वज्ञान ही तिन्ही घरे युरोपात या एका छपराखाली नांदली. बीड जिल्ह्यात ही तिन्ही घरे आहेत, पण छप्पर कधी एक नव्हते. देवगिरीहून शासन आले, दिल्लीहून आणि बिदरहून फर्मान आले, हैदराबादहून गश्ती आली, मुंबईहून जीआर येतो. धर्माचा निर्णय पैठणहून येई, जातीचा पंचांकडून. या जिल्ह्याने हुकूम फारसे काढले नाहीत, झेललेच जास्त. म्हणून हुकुमाचे खरे वजन काय असते, हे पाहायला बीडसारखी जागा नाही.

दगड, तांबे आणि शाप

जिल्ह्यातल्या जुन्या हुकुमांचा सर्वांत ठळक साठा अंबाजोगाईला आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातले शिलालेख तिथे मिळाले. त्यांतला एक इ. स. १२२८चा, एक १२४०चा. मोहिमेत मारल्या गेलेल्या राम या भावासाठी खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने मंदिर उभारल्याचे नंतरच्या लेखात येते. मंदिर बांधायचे म्हणजे त्याच्या पूजेअर्चेची कायमची तजवीज करायची, आणि तजवीज म्हणजे गावाच्या उत्पन्नावरचा हक्क. असा हक्क राजाच्या तोंडी शब्दावर टिकत नाही, म्हणून तो दगडात किंवा तांब्यात कोरला जाई.

या दानलेखांची बांधणी महाराष्ट्रभर जवळपास सारखी असते. आधी राजाची वंशावळ, म्हणजे हुकूम देणाऱ्याचा अधिकार. मग दानाची तिथी आणि कारण, बहुधा ग्रहण किंवा संक्रांतीचे पुण्य. मग जमिनीच्या चतुःसीमा. आणि शेवटी शाप. दिलेली जमीन हिसकावणारा हजारो वर्षे विष्ठेतला किडा होईल, अशा अर्थाची वचने संस्कृत ताम्रपटांत ठरलेली असतात. मराठी लेखांत, विशेषतः कोकणात, हाच शाप गद्धेगाळीच्या दगडावर चित्रासह कोरलेला दिसतो.

आज हे वाचून हसू येईल, पण त्या शापामागे पक्का व्यवहार आहे. दान देणाऱ्या राजाला ठाऊक असे, की आपल्या पश्चात गादीवर दुसराच कोणी येईल, कदाचित शत्रूही. त्याच्यावर आपला कायदा चालणार नाही, भीती मात्र चालेल. जिथे अंमलबजावणीची यंत्रणा संपते तिथे शाप सुरू होतो. ज्या हुकुमाच्या पाठीशी शिपाई आहे, त्याला शाप लिहावा लागत नाही.

दिल्ली, बिदर आणि दोन मालक

इच्छेवर चालणाऱ्या हुकुमाचा मराठवाड्याने पाहिलेला सर्वांत मोठा नमुना महंमद तुघलकाचा. १३२७च्या सुमारास त्याने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवायचे फर्मान काढले आणि काही वर्षांतच ते मागे घेतले. बीडजवळ त्याच्या पडलेल्या दातावर कबर बांधली, असे सांगतात. सुलतानाचा दातसुद्धा मानाने पुरला जातो, पण त्याच्या हुकुमापायी स्थलांतर केलेल्यांच्या हालांना दाद मागायची जागा नसते. तुघलकाची अडचण बुद्धीची नव्हती, तो विद्वान होता. त्याला अडवून ‘का’ विचारील असे कोणी दरबारात नव्हते.

अंबाजोगाईतच समाधी असलेल्या दासोपंतांच्या चरित्रातही असाच एक हुकूम आहे. त्यांचे वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. दुष्काळामुळे वसूल थकला, तेव्हा बिदरच्या बरीदशाहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवले आणि मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाला बाटवू, असे बजावले. परंपरा सांगते, की मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस दरबारात आला, रक्कम मोजून देऊन पावती घेऊन गेला, आणि तो प्रत्यक्ष दत्तात्रेय होता. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी व्यवहार अगदी ओळखीचा आहे. पीक बुडालेले असताना वसुलीची मुदत बदलत नाही, जामीन माणसाचा घेतला जातो आणि सुटका पावतीवर होते. देवालासुद्धा बादशाहाचा हुकूम रद्द करता आला नाही. त्याने तो पाळला आणि पावती घेतली. लोककथेने त्या काळची राज्यव्यवस्था इतकी अचूक पकडली आहे.

पुढच्या शतकांत नवीच अडचण आली, एकाच गावावर दोघांचे हुकूम. १७१९च्या बादशाही सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली, तर मुलुखाचा कारभार निझामाकडे गेला. निझामाचा अंमलदार आणि मराठ्यांचा कमाविसदार एकाच चावडीवर हक्क सांगत. या दोअंमलीचा निकाल कागदावर लागला नाही. तो गोदाकाठी, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी लागला. थोरल्या माधवरावांच्या फौजेने निझामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याला मारले आणि तहात निझामाला ८२ लाखांचा मुलूख सोडावा लागला. सनद कोणाची खरी, याचा निर्णय तलवारीने झाला. शेतकऱ्याला मात्र त्याआधीही दोन ठिकाणी भरणा करावा लागला होता आणि नंतरही भरणा चुकला नाही.

हैदराबादची गश्ती

निझामी राजवटीत फर्मानांचे रीतसर दफ्तर झाले. फर्मान म्हणजे खुद्द निझामाची आज्ञा, गश्ती म्हणजे खात्याचे परिपत्रक, मुंतखब म्हणजे इनामाच्या वारसाहक्काचा मंजूर दाखला. मराठवाड्यातल्या वकिलांच्या तोंडी हे शब्द आजही आहेत, कारण जमिनीच्या जुन्या दाव्यांत हेच कागद पुढे येतात.

यांतली सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे गश्ती क्रमांक ५३. तिच्यामुळे परवानगीशिवाय सभा घेणे अशक्य झाले. मराठवाड्यातल्या राजकारणाला त्यामुळे वाचनालये, शाळा आणि साहित्य परिषदा यांच्या आडोशाने वाढावे लागले. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा हे त्याचे ठळक उदाहरण. हिप्परग्याहून आलेले स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते आणि तिथूनच ते राजकारणात उतरले. सप्टेंबर १९३८मध्ये निझाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा ती संघटना रीतसर स्थापनही झालेली नव्हती. जन्माआधीच मृत्यूचा दाखला काढण्याचा हा प्रकार. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि त्या बंदीनेच संघटनेला ओळख मिळवून दिली.

अखेरच्या अडीच वर्षांत निझामाच्या दोन हुकुमांनी एक वर्तुळ पुरे केले. जून १९४७च्या फर्मानाने त्याने जाहीर केले, की हैदराबाद भारतात जाणार नाही आणि पाकिस्तानातही जाणार नाही, स्वतंत्र राहील. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला शरणागती. मग २३ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच निझामाच्या नावाने दुसरा जाहीरनामा निघाला : संविधान सभा तयार करील ती भारताची राज्यघटनाच हैदराबादची राज्यघटना असेल, आणि तिच्याशी विसंगत अशा सर्व तरतुदी रद्द समजल्या जातील. फर्मानांचे राज्य फर्मानानेच संपले. यापुढे बीडमधल्या माणसाला सरकारचा हुकूम बेकायदा आहे असे म्हणत न्यायालयात जाता येणार होते. या जिल्ह्याच्या इतिहासात यापेक्षा मोठा बदल नाही.

इनाम गेले, कागद राहिला

राजा जातो, पण त्याने दिलेली जमीन जागेवर राहते. ऑगस्ट १९४९मध्ये जहागिऱ्या नष्ट झाल्या, १९५२मध्ये अतियात, म्हणजे इनाम-अनुदानांच्या, चौकशीचा कायदा आला, १९५४मध्ये इनामे आणि रोख अनुदाने नष्ट करण्याचा हैदराबाद कायदा झाला. तरी मदतमाश आणि खिदमतमाश हे दोन शब्द सातबाऱ्यावरून हटले नाहीत. मदतमाश म्हणजे एखाद्याच्या चरितार्थासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे मंदिर, मशीद किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली. सेवा आहे तोवर जमीन, ही खिदमतमाशची अट. जमीन कसणाऱ्याला ती विकता येत नाही, आणि सेवा चालू आहे का हे बघायला सहसा कोणी येत नाही.

या फटीतूनच गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यातल्या देवस्थान आणि वक्फ इनाम जमिनींच्या बेकायदा हस्तांतरणाचे गुन्हे नोंदले गेले. जुन्या हुकुमाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्यांच्या हातात होता, त्या महसुली टेबलांवरच अर्थ बदलला गेल्याचे आरोप झाले. दुसरीकडे, पिढ्यान् पिढ्या मदतमाश जमीन कसणाऱ्यांना ती पूर्ण मालकीची करून घ्यायला बाजारमूल्याच्या ५० टक्के नजराणा परवडत नव्हता. २०२४मध्ये सरकारने तो ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. निझामाच्या देणगीचा हिशोब त्याच्या राज्यानंतर पाऊणशे वर्षांनीही पुरता मिटलेला नाही.

धर्माचा निर्णय कोणाचा?

युरोपात बोलोन्याच्या ग्रेशियनने ११४०च्या सुमारास चर्चचे सुमारे ३,८०० निर्णय आणि वचने एकत्र करून परस्परविरोधी वाक्यांचा मेळ घातला. त्या ग्रंथाचे नावच डिक्रेटम पडले आणि चर्चच्या कायद्याचा तो पाया झाला. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारे काम हेमाद्रीने केले. यादवांचा हा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड संग्रह आहे. फरक इतकाच, की ग्रेशियनच्या मागे पोप होता, हेमाद्रीच्या मागे धर्मापुरते असे एक पीठ नव्हते.

म्हणून आपल्याकडे धर्मनिर्णय सभेत होई. पैठणची ब्रह्मसभा हे बीड परिसराचे धर्मपीठ. ज्ञानेश्वरांचे पणजोबा त्र्यंबकपंत यादवांच्या वतीने बीडचे देशाधिकारी होते, असे परंपरा सांगते. त्याच घराण्यातल्या चार पोरक्या मुलांना, वडील संन्यास सोडून संसारात परतले म्हणून, त्याच पैठणला शुद्धिपत्र मागायला जावे लागले. पणजोबाच्या नेमणुकीला राजाचा हुकूम पुरला, पणतवंडांच्या जगण्याला ब्राह्मणसभेचा कागद लागला. त्या शुद्धिपत्राच्या अस्सलपणावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे. ते पत्र नसते तरी ज्ञानेश्वरांचे काही अडले नसते, लोकांनी त्यांना माउली म्हणून स्वीकारले ते पत्र वाचून नव्हे. महानुभाव पंथाच्या चक्रधरांवरही पैठणच्या सभेने कठोर निर्णय घेतल्याचे ती परंपरा सांगते. सभेने टाकलेल्या माणसाचा पंथ सातशे वर्षांनंतरही जिवंत आहे.

परळीचा वैजनाथ घ्या. बारा ज्योतिर्लिंगांतला वैद्यनाथ कोणता, परळीचा की झारखंडातल्या देवघरचा, हा वाद जुना आहे. स्तोत्राच्या पाठभेदांवर दोन्ही बाजू बोट ठेवतात. हा वाद निकाली काढील असे धर्मन्यायालय हिंदू परंपरेत नाही, आणि दर महाशिवरात्रीला परळीत लागणाऱ्या रांगेला त्याची गरजही वाटत नाही.

निर्णय द्यायला पीठ होते तिथेही त्याला पळवाट काढणारे होतेच. पुण्यात ऑक्टोबर १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते ठरली. एक कप चहा आणि शास्त्रार्थाची भेंडोळी, असा तो मामला. बहिष्काराची धार तेव्हाच बोथट होऊ लागली होती, कारण बहिष्कृत माणूस शहरात राहत होता, पगारावर जगत होता.

गावात आणि तांड्यावर तसे नव्हते. बीडच्या शिवेपासून जवळ, पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत अनेक भटक्या जमातींच्या जातपंचायती भरत. भांडणे मिटत, सोयरिकी जमत, दंड बसत आणि माणसे वाळीतही पडत. पोलीस ज्यांना दारात उभे करत नव्हते, त्यांना पंचांचाच आधार होता, हे मान्य केले पाहिजे. पण पंचाच्या हुकुमावर अपील नव्हते आणि त्याची सर्वांत कडक शिक्षा बाईच्या वाट्याला येई. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मोहिमेनंतर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६मध्ये झाला आणि जुलै २०१७पासून लागू झाला. वाळीत टाकणे हा आता गुन्हा आहे.

फतव्याबद्दलचा गैरसमजही इथेच दूर केला पाहिजे. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेले मत, न्यायाधीशाचा निकाल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये विश्व लोचन मदन प्रकरणात स्पष्ट केले, की त्याला कायदेशीर बळ नाही आणि तो कोणावर लादता येणार नाही. ज्याला पटेल त्याने पाळावा. खरे तर कोणत्याही धर्मनिर्णयाचे घटनेच्या चौकटीतले स्थान एवढेच आहे.

सिद्धांत आणि सटवाई

तिसरे घर तत्त्वज्ञानाचे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने मित्र ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांपैकी ९४वे आणि ९५वे एकाच प्रश्नावर आहेत. माणसाला प्रसंगानुरूप सूचना पुरतात, की त्यामागे पक्के सिद्धांतही लागतात? सेनेका म्हणतो, दोन्ही लागतात. पान एकटे हिरवे राहत नाही, त्याला फांदी लागते. सूचना पाळणारा माणूस नवीन प्रसंग आला की गोंधळतो, सिद्धांत कळलेला गोंधळत नाही. असा डिक्रेटम वरून येत नाही, माणूस तो विचाराअंती स्वतःवर लागू करतो.

असा सिद्धांत मराठीत पहिल्यांदा सविस्तर मांडला तो मुकुंदराजांनी. परंपरेनुसार ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. समाधी अंबाजोगाईची खरी की विदर्भातल्या अंभोऱ्याची, हाही वाद आहे. महत्त्वाचे हे, की वेदान्ताचा सिद्धांत संस्कृतच्या कुलपातून काढून त्यांनी देशी भाषेत युक्तिवादासह मांडला. दासोपंतांनी तर वेदान्तातले पंचीकरण कापडाच्या पासोडीवर लिहून काढले. वाचणाऱ्याला पटवून द्यावे लागते, हे ज्याने मान्य केले त्याने आज्ञा सोडून तर्काचा रस्ता धरला.

याच्या अगदी उलट टोकाला सटवाई आहे. बाळाच्या पाचवीच्या रात्री ती कपाळी लेख लिहून जाते, तो पुसत नाही आणि वाचताही येत नाही. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिनने ईश्वराच्या अनादि निर्णयाची जी शिकवण मांडली, तिच्यात आणि आपल्या बायांच्या या समजुतीत अंतर फार नाही. बीडमध्ये याचा रोजचा संबंध आहे. ‘दुष्काळ आमच्या पाचवीलाच पुजलेला’, ‘कोयता पाचवीला पुजलेला’, ही वाक्ये इथे सहज ऐकू येतात. सरकारला असा समज सोयीचा असतो. दुष्काळ सटवाईने लिहिला म्हटले, की तो कोणत्या धोरणाने वाढला हे विचारायला नको.

दिवाणी हुकूमनामा

आता कोर्टात येऊ. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८च्या कलम २(२)मध्ये हुकूमनाम्याची व्याख्या आहे : दाव्यातल्या हक्कांचा निर्णायक निवाडा, मग तो प्राथमिक असो वा अंतिम. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. १८७२मध्येच प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते, की भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात.

भावाभावांच्या वाटणीचा साधा दावा पाहा. कोर्ट प्राथमिक हुकूमनामा देते : प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. पण बांध कुठून घालायचा, हे त्यात नसते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी संहितेच्या कलम ५४प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने करायची. म्हणून कागद कोर्टातून जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, तिथून तहसीलदाराकडे, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे. मोजणीदार येतो तेव्हा ऊस उभा असतो, किंवा एक भाऊ साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला असतो. मग सरस-निरस मानाने तक्ता तयार होतो, म्हणजे विहिरीजवळची काळी जमीन आणि माळाची मुरमाड जमीन यांचा ताळमेळ. त्यावर हरकती. मग ताबा, पंचनामा, फेरफार आणि शेवटी नवा सातबारा. मधल्या प्रत्येक टेबलाला त्या हुकूमनाम्याइतकेच वजन असते, कधी जास्तच.

ज्याला ताबा किंवा पैसे मिळवायचे त्याने दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची, आणि ती हुकूमनाम्यापासून १२ वर्षांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये राहुल शाह प्रकरणात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले. २०२५मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार देशभरात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून होत्या आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा, ३ लाखांहून अधिक, महाराष्ट्राचा होता. म्हणजे एवढे लोक जिंकूनही रिकाम्या हाताने बसले आहेत.

ठराव, जाहीर आणि जीआर

कायदेमंडळाचे ठरावही असेच रस्त्यात अडतात. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. मराठवाडाभर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मेली, आणि सरकारने ठराव बासनात बांधला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत बीडची जी मुले त्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांना हुकूम आणि अंमल यांतले अंतर शिकवायला प्राध्यापकाची गरज नव्हती.

दुष्काळही आपल्याकडे हुकुमाने होतो. पाऊस पडला नाही एवढे पुरत नाही, तो ‘जाहीर’ व्हावा लागतो. पूर्वी पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली तर सवलती लागू होत. २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, पीकक्षेत्र, ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई असे निर्देशांक आणले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीड जिल्हाही होता. जाहीर झाल्यावर महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी, टँकर असे फायदे मिळतात. सही होईपर्यंत मात्र करपलेले शेत सरकारदरबारी हिरवेच असते.

काही हुकूम मात्र वेळेत पोहोचले तर आयुष्य वाचवतात. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६च्या कलम १३खाली न्यायाधीश ठरलेला बालविवाह थांबवायचा मनाई हुकूम देऊ शकतात आणि तो मोडून लावलेले लग्न कलम १४नुसार मुळातच रद्द ठरते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकच असतो. ऊसतोडीला जाताना मुलगी मागे कोणाकडे ठेवायची, या धास्तीने लग्न उरकणाऱ्या जिल्ह्यात तो हुकूम मिळवायला हाताशी फार थोडा वेळ असतो. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली असलेल्या या जिल्ह्याला कायद्यांची कमतरता कधीच नव्हती. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्रीय कायदा १९९४मध्येच झाला होता.

कुणबी नोंदींचा जीआर याच मालिकेतला ताजा. त्यात गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नेमली आहे. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्याने १३ ऑक्टोबर १९६७पूर्वी पूर्वज त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि समितीने चौकशी करायची. ओबीसी संघटनांनी हा निर्णय आपल्या आरक्षणाला धक्का देणारा म्हणून न्यायालयात नेला. मराठा समाजाला तो अपुरा वाटतो. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी याच प्रश्नावरून बीडमध्ये जाळपोळ झाली आणि संचारबंदी लावावी लागली होती. त्या दिवसाच्या तुलनेत कोर्टातली लढाई शतपटीने बरी. शासन निर्णय हा कायदा नव्हे, तो सरकारचा प्रशासकीय आदेश असतो, आणि कायद्याशी किंवा घटनेशी विसंगत ठरला तर न्यायालय तो बाजूला सारू शकते. तुघलकाच्या फर्मानाला ही सोय नव्हती.

या साऱ्या आढाव्यातून एक निष्कर्ष निघतो. ज्या हुकुमाने आपले कारण सांगितले आणि ज्यावर दाद मागता आली, तो मान्य झाला नाही तरी सुसह्य ठरला. ज्याने दोन्ही नाकारले, तो राजाचा असो, पंचांचा असो की धर्मसभेचा, लोकांनी सहन केला आणि संधी मिळताच मोडला. आजची आपली त्रुटी तिसऱ्या जागी आहे. कारण लिहिले जाते, अपीलही आहे, पण अंमलाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी तो कोणत्या पदावरच्या माणसाने कोणत्या तारखेपर्यंत अमलात आणायचा, हे छापले जावे. आणि प्रत्येक तालुका न्यायालयाने व तहसीलने पडून असलेल्या दरखास्ती आणि वाटण्यांची यादी दर तीन महिन्यांनी फलकावर लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरात जुना हुकूमनामा गुंडाळून ठेवलेला असेल, तर त्यावरची तारीख आजच बघा. बारा वर्षे उलटून गेली, की ताब्याची दरखास्त कोर्ट ऐकणार नाही.